पिस्टनचं साटंलोटं

मिस्त्रीने मला फसवलं. माझ्या सायकलच्या इंजिनातला पिस्टन त्याने बाजारातल्या रोपवाल्याच्या इंजिनात बसवला, रोपवाल्याचा माझ्या इंजिनात घातला, आणि हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत, मी पाजलेला चहा पीत केलं. त्यापायी गोरेगावच्या बाजारातली चिंचेखालची जागा माझ्या हातून गेली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मिस्त्रीबद्दल माझ्याकडून चार चांगले शब्द लिहिले जातील. त्यावरून कोणी असं समजू नये की मी त्याला सोडलं.

मी विळे, कोयते, खुरपी, कुदळी विकतो. बापाने मला तापट डोकं सोडून काही दिलं नाही. बाकी सगळं मी बाजारात उभं राहून, भांडून मिळवलं. लोखंडाचं पोतं सायकलच्या कॅरियरला बांधून चढावर पॅडल मारायचं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच कळतं. म्हणून मी ते इंजिन मागवलं. सायकलच्या दांड्यांमधल्या तिकोनात बसणारं, एका पिस्टनचं, पेट्रोलात ऑइल मिसळून चालणारं. दोन-चार पॅडल मारायची, क्लच सोडायचा, आणि फटफट करत ते तुम्हाला ओढून नेतं. कुरिअरने खोकं आलं. खोक्यावरचं चित्र झकास होतं. आतला एकही भाग दुसऱ्याला ओळखत नव्हता. कार्बोरेटरखालच्या गॅस्केटची भोकं एकीकडे, इंजिनाचे बोल्ट दुसरीकडे. पिस्टन एका कारखान्याचा, सिलिंडर भलत्याचाच. सगळ्यांनी एकच सांगितलं, कोहमाऱ्याच्या मिस्त्रीकडे जा.

कोहमाऱ्याच्या चौकात सगळे ट्रक दुरुस्त करतात. हा एकटा, ढाब्याच्या भिंतीला टेकून, पोत्यावर बसून, सायकलची आणि मोपेडची इंजिनं उघडायचा. कानावर बिडीच्या जागी जुना स्पार्क प्लग. इंजिन सुरू केलं की पेचकसची मूठ दातात धरायचा, टोक सिलिंडरला लावायचा आणि डोळे मिटून दातांनी ऐकायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस इंजिन चाखतोय.

"ट्रक काऊन नाही करत जी?" मी विचारलं.

"ट्रकात सहा पिस्टन. भरल्या घरात कोन कोनाचं आयकते? हितं घरात दोघंच. हा सिलिंडर म्हंजे घर, हा पिस्टन म्हंजे घरात आलेली पोरगी. दोघांचं जमलं तं इंजिन नांदते."

तो कधीच ‘फिट केलं’ म्हणायचा नाही. ‘नांदवलं’ म्हणायचा. रस्त्यात भेटला तर लेकीची चौकशी करावी तसा विचारायचा, "नांदून राहिलं का गा?"

आणि नांदवायच्या आधी पाहणी. पोरगी पाहायला जातात तशी. पिस्टनचा मालक समोर पाहिजे, चहा पाहिजे, चहा मालकाने पाजला पाहिजे. मग तो पिस्टन फडक्याने पुसायचा, सिलिंडरात सोडायचा, खाली नेऊन उजेडाकडे धरायचा आणि सिलिंडरच्या बाजूची खिडकी, जिच्यातून धूर बाहेर जातो, ती पुरती उघडते का बघायचा. अर्धवट उघडली तर पिस्टन काढून ठेवायचा. "नाही जमत. दुसरं ठिकान पाहू." पुन्हा दुसरा पिस्टन, पुन्हा चहा. भिंतीवर त्याने बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावला होता आणि कुंडली-मुहूर्ताची तो मनसोक्त टिंगल करायचा. मी एकदा डिवचलं, "मिस्त्री, माणसांचे गुण जुळवणाऱ्याला तुम्ही हसता, अन् पिस्टनची सोयरीक जुळवता?"

"माणूस जमवून घेते," तो म्हणाला. "लोखंड नाही घेत."

आमची पहिली चकमक भावावरून झाली. मी आयुष्यात पहिला सांगितलेला भाव कधी दिला नाही, देणारही नाही. इंजिन बसलं, सुरू झालं, छान वाजलं. मी म्हटलं, "आता मजुरीचं काही कमी करा."

त्याने सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या, म्हणजे हेडच्या, चार नटांपैकी एक सोडवला आणि शर्टाच्या खिशात टाकला. "झालं कमी."

"हे काय?"

"अजून करू?" पाना पुढच्या नटावर गेलासुद्धा.

माझं डोकं फिरलं. तीन नटांवर सायकल चालते, मी दाखवतो, असं म्हणून मी निघालो. पहिल्याच चढाला हेडखालून गरम ऑइल फुसकारलं आणि माझ्या पोटरीवर आलं. सायकल ढकलत परत आलो तर मिस्त्रीने मान वर न करता खिशातला नट पुढे केला.

"पायाले लागलं का जी?"

मी मजुरी पूर्ण दिली. पण चहा त्याच्याकडून घेतला. तो त्या दिवसापुरता बरोबरीचा सौदा होता असं मी अजूनही मानतो.

आता त्याच्या गॅस्केटबद्दल. सिलिंडर जिथे इंजिनावर बसतो तिथे मध्ये जो कागद लागतो, तो मिस्त्री विकतचा कधी वापरायचा नाही. लग्नाच्या पत्रिका वापरायचा. सगळ्या पंचक्रोशीच्या पत्रिका त्याच्याकडे होत्या, तारखेप्रमाणे किंवा जातीप्रमाणे नाही, जाडीप्रमाणे लावलेल्या. पत्रिका हातात आली की लग्न कधी, जेवण कुठे, हे तो वाचायचा नाही. कोपरा दोन बोटांत धरून चोळायचा. "चांगली सोयरीक हाये," म्हणायचा. मग ती इंजिनाच्या कडेवर अंथरायची आणि हातोडीच्या गोल बाजूने कडेकडेने हलकेच ठोकत जायचं. लोखंडाची धारच कागद कापते. बोल्टच्या भोकावर बेअरिंगचा छर्रा ठेवून एक ठोका, गोल टिकली खाली. कात्री नाही, माप नाही. त्याच्या हातच्या गॅस्केटमधून थेंब गळलेला मी पाहिला नाही. हा एक चांगला शब्द झाला.

पण त्याचा एक नेम होता. नवरा-नवरीच्या नावावर हातोडी मारायची नाही. ती नावं तो वाचवायचा आणि खालचा भाग घ्यायचा, ‘आपले विनीत’ वाला. मग काका, मामा, आजोबा, सरपंच, सगळी विनीत मंडळी इंजिनात जायची. "मांडवात तं काही काम नाही करत," म्हणायचा, "हितं तरी करतीन."

माझ्या मोठ्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका मी गोंदियात छापल्या. छापणाऱ्याशी इतकी घासाघीस केली की शेवटी त्याने हात जोडले, "भैया, इतने में तो लिफाफा भी नहीं आता." पण छापल्या त्याने. गुलाबी रंगाच्या, आणि पातळ. मिस्त्रीला द्यायला गेलो, त्याने कोपरा चोळला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटावी. मला वाटली नाही.

"आरपार दिसून राहिलं गा."

"वाचता येते ना? झालं तर मग."

तो हसला नाही. इंजिनाला नवं गॅस्केट लागणारच होतं, त्याने माझीच पत्रिका घेतली, ठोकली, तेल लावलं, बसवली. पॅडल मारलं आणि काय सांगू. ते इंजिन पूर्वी धावायचं. आता ते ओढायला लागलं. लोखंडाचं भरलं पोतं घेऊन चढावर तसूभर मान न टाकता. मिस्त्रीने पेचकस दातात धरून ऐकलं आणि पहिल्यांदा माझ्या घासाघिशीचं कौतुक केलं. "कागद पातळ, तं सिलिंडर खाली बसला. वर दाब वाढला. तुह्या कंजूषपनानं ताकद आली याच्यात."

तिथून माझे दिवस होते. गोरेगावच्या बाजारात एकच चिंच आहे आणि जो आधी येऊन तिच्याखाली पोतं अंथरतो त्याची जागा. दुसरा कायदा नाही. त्या सावलीत गिऱ्हाईक थांबतं, टेकतं, विळ्याची धार अंगठ्यावर बघतं, दोन गोष्टी बोलतं. थांबलेलं गिऱ्हाईक माझं. उन्हातलं गिऱ्हाईक कोणाचंच नसतं. माझं इंजिन मला सगळ्यांच्या आधी पोचवायचं. मी चिंचेखाली बसायचो आणि समोर उन्हात रोपवाला यायचा.

रोपवाला म्हणजे वांग्याची, मिरचीची, टमाट्याची रोपं विकणारा. अंगाने भरलेला, तोंडाने त्याहून भरलेला. त्याच्याही सायकलला तसंच इंजिन होतं, पण त्याच्या पोराच्या लग्नाची पत्रिका मखमली, सोनेरी, पुठ्ठ्यासारखी जाड, आणि तीच त्याच्या इंजिनात होती. तो यायचा तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असायचं. रोपांवर ओलं गोणपाट टाकून तो माझ्याकडे बघत बसायचा. मी त्याला एकदा पाणी दिलं होतं. हेही लिहून ठेवतो.

मग तो दिवस. माझं इंजिन आतली काजळी खरवडायला मिस्त्रीकडे उघडलेलं. तेवढ्यात रोपवाला सायकल ढकलत आला.

"मिस्त्री, माहं इंजिन उचलूनच नाही राहिलं. चढावर पायी जा लागते."

त्याचंही उघडलं. दोघांचे भाग एकाच पोत्यावर, शेजारी शेजारी. मी चहा सांगितला. मिस्त्रीने एक घोट घेतला, माझा पिस्टन उचलला आणि सहज, अगदी सहज, रोपवाल्याच्या सिलिंडरात सोडला. तो आपल्या भाराने, सावकाश, कुठेही न अडखळता खाली गेला.

"पाह्य गा," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "सासरी आल्यावानी नाही. माहेरी आल्यावानी बसला."

"मग माझ्यात काय घालता?"

"त्याचा तुह्यात. साटंलोटं."

आमच्याकडे पूर्वी दोन घरं एकमेकांत पोरी द्यायची आणि घ्यायची, त्याला साटंलोटं म्हणतात. शहरात याच शब्दाचा अर्थ दोघांनी मिळून तिसऱ्याला बुडवणं असा होतो. मला त्या वेळी फक्त गावचा अर्थ आठवला.

तरी मी गाफील नव्हतो. मी म्हटलं, "बरोबरीचा सौदा मी करत नाही. मला वर काय?" आणि रोपवाल्याच्या सायकलकडे पाहिलं. त्याचा सायलेन्सर चकचकीत, आरशासारखा. "तो द्या."

रोपवाल्याने "नाही नाही, तो नाही" म्हटलं. मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने सुस्कारा टाकला आणि दिला. तो ‘नाही’ मला आज आठवतो. खपत नसलेला कोयता गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा असतो तेव्हा मी अगदी असाच ‘नाही’ म्हणतो.

जोडताना मिस्त्रीने माझं गुलाबी गॅस्केट अलगद सोडवलं आणि पिस्टनसोबत पलीकडे ठेवलं. मी विचारलं, ते कुठे चाललं? "पोरगी आपल्या लुगड्यावर जाते," तो म्हणाला. आणि तिकडचा मखमली पुठ्ठा माझ्या सिलिंडरखाली आला. दोन्ही सायकली सुरू झाल्या. माझी जास्त जोरात वाजली. मी खूष होऊन घरी गेलो.

पुढच्या बाजाराला माझा आवाज माझ्या आधी गावात पोचला. मी मात्र नंतर पोचलो. त्या सायलेन्सरमुळे कुत्री उठली, म्हशी बिथरल्या, आणि चिंचेखाली वांग्याची रोपं मांडून रोपवाला पाय पसरून बसला होता.

"या इवाई," तो म्हणाला, म्हणजे व्याही. "उन्हात काऊन उभे? बसा. नाहीतर राहू द्या, जागा नाही."

त्याच्या पुढच्या बाजाराला मी लवकर निघालो. अर्ध्या वाटेत मागून एक इंजिन आलं, मला ओलांडून गेलं, आणि ते माझं होतं. आपलं इंजिन आवाजावरून ओळखू येतं, जसा घरातल्या माणसाचा खोकला ओळखू येतो. मी पॅडल मारत, फुकटचा गोंगाट करत, त्याच्या धुरात मागे राहिलो. बाजारात पोचल्यावर त्याच्या सायकलशी वाकून पाहिलं. सिलिंडरच्या खाली दोऱ्याएवढी गुलाबी कड दिसत होती. माझ्या लेकीची पत्रिका. आणि मिस्त्रीचा नेम मला माहीत होता: नवरीचं नाव वाचवायचं, विनीत ठोकायचे. विनीतांत पहिलं नाव माझं होतं. म्हणजे माझं नाव त्या माणसाच्या इंजिनात बसून त्याची वांगी ओढत होतं.

मी तसाच कोहमाऱ्याला गेलो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ढाब्यावरचे ट्रकवाले जेवण सोडून बाहेर आले. मिस्त्री एका मोपेडचं कार्बोरेटर पुसत होता.

"झालं बोलून?" तो म्हणाला. "मले एक सांग. लोखंडाले सावली कायले पायजे?"

म्हणजे पाहा! त्याला माहीत होतं. जागेचं, रोपांचं, चिंचेचं, सगळं. तो पिस्टन सहज नव्हता सोडला त्याने.

"त्याची रोपं माना टाकत होते," तो म्हणाला. "तुह्या विळ्यानं कधी मान टाकली का?"

"लोखंडाला नसेल लागत. मला लागते! गिऱ्हाइकाला लागते! उन्हात तापलेला विळा हातात धरून पाहा एकदा!" पोत्यातला एक विळा मी भिंतीशी उन्हात ठेवला, चांगला तापू दिला आणि त्याच्या हातात दिला. मला वाटलं, ओरडेल. त्या माणसाचा तळवा म्हणजे निव्वळ घट्टा. त्याने विळा उलटसुलट केला. "गरम हाये बापा," म्हणाला, आणि तेल लावलेलं एक गॅस्केट त्यावर सुकत घातलं.

मी म्हटलं, परत करा. माझा पिस्टन मला, त्याचा त्याला.

"साटंलोटं असं मोडत नसते गा. एका घरची पोरगी परत आली का दुसऱ्या घरचीबी परत येते, अन् मंग दोन्ही घरं बसते. तुहं इंजिन नांदून राहिलं ना?"

"आवाज करून राहिलं!"

"आवाज तं तूच मांगून घेतला."

यावर ट्रकवाले हसले. तेव्हापासून मी त्या ढाब्यावर जेवलेलो नाही.

लोक म्हणतात, मोटरसायकल घे. का घेऊ? माझं इंजिन त्याच्याकडे असताना मी दुसरं घ्यायचं म्हणजे त्याला ते बक्षीस दिल्यासारखं झालं. दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, नवं गॅस्केट घालून देतो, पण पिस्टन तुमचा हवा असेल तर त्या रोपवाल्या भाऊला बोलवा. मला नवं काही नको होतं, माझंच हवं होतं. त्या भाऊचं म्हणणं, "ज्यानं जुळवलं त्यालेच पुसा, इवाई." आणि ज्याने जुळवलं तो एक दिवस भिंतीवरचे फोटो, पेचकस, हातोडी आणि पत्रिकांचा गठ्ठा घेऊन कामठ्याला लेकीकडे राहायला गेला. भिंतीला त्याच्या पाठीचा काळा डाग तेवढा राहिला. खरं सांगतो, मी थोडा वेळ त्या डागाशीच भांडलो.

मग कामठ्याला गेलो. मिस्त्री अंगणात बसून कोणाचातरी फवारणीचा पंप नांदवत होता. लेकीने चहा आणला. मी विचारलं, चिंच त्यालाच का? बाजारातले लोक मला सांगतात, तू आपला पिस्टन त्याच्या घरी दिलास, तू मुलीकडचा. सावलीत मुलाकडचे बसतात. हे बरोबर आहे का?

तो चहात पाव बुडवत म्हणाला, "मुलीकडच्यानं थोडं नमतं घ्या लागते," आणि डोळे मिचकावले. मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. माझ्या आयुष्यात असं कधी झालेलं नाही. परतताना त्या चकचकीत सायलेन्सरच्या गोंगाटात ते सुचलं, आणि मी रस्त्याच्या कडेला सायकल उभी करून एकटाच मोठ्याने हसलो. ते उत्तर इथे लिहितो.

मिस्त्री, तुमच्या लेकीच्या लग्नात मुलाकडच्यांनी वेगळा सोफा मागितला होता. तुम्ही सोफा मांडवाबाहेर ठेवला आणि सगळ्यांना एका सतरंजीवर बसवलं. मी तिथे होतो. माझ्या एका बाजूला नवऱ्याचा मामा होता आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही. तेव्हा तुम्ही म्हणालात, मुलीकडचे-मुलाकडचे असं काही नसते. मग चिंचेखाली ते कुठून आलं?

आणि दुसरं. साटंलोट्यात पोरगी दोन्हीकडून जाते. माझा पिस्टन त्याच्या घरी, त्याचा माझ्या घरी. म्हणजे मी मुलीकडचा तसा मुलाकडचाही, आणि तोही मुलीकडचा. मग नमतं मी एकट्याने का घ्यायचं? अर्धी चिंच माझी होते. रोपांच्या बाजूची अर्धी नको, मला बुंध्याकडची द्या. वर तो सायलेन्सर मी त्याला परत करायला तयार आहे.

पंप बाजूला ठेवा आणि गोरेगावच्या बाजाराला या. चहा मी पाजतो. सगळ्यांसमोर, चिंचेखाली उभं राहून याचं उत्तर द्या. तोवर मी समोर उन्हात बसलो आहे आणि माझे विळे तापत आहेत.